वजाबाकीचे चित्र

प्रभाकर पाचपुते यांची ओळख करून देण्याचे एक वाक्य आता ठरून गेले आहे. खाणकामगारांच्या घरातला मुलगा, हातात कोळसा घेऊन खाणीचीच चित्रे काढतो आणि ती थेट परदेशी द्वैवार्षिकांत जाऊन पोचतात. वाक्यातले तपशील खरे आहेत. १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीत जन्म, घरच्या तीन पिढ्या खाणीशी बांधलेल्या, २०१४ साली साओ पाउलोचे ३१ वे द्वैवार्षिक, २०१५ साली इस्तंबूल, २०२२ साली व्हेनिस. चूक आहे ती त्यात गृहीत धरलेल्या कार्यकारणभावात. खाणीच्या कुशीत जन्मला, तर खाणीचाच कलावंत होणार, असे एकदा मानले की चित्राकडे पाहायची गरजच उरत नाही. जन्मदाखला पाहिला की पुरे.

याच्या उलट टोकाला दुसरे मत आहे. भिंतभर रेखाटने, त्यावर टाकलेला व्हिडिओ, मधेच उभे केलेले कापलेले आकार, ही सगळी परदेशी थेरं. मूळ माणूस अस्सल, पण माध्यम उसने. ही दोन मते एकमेकांविरुद्ध दिसतात खरी, पण दोन्ही एकाच समजुतीवर उभी आहेत: विषय मातीतून येतो आणि रूप हा वरून चढवलेला कपडा असतो. पहिल्याला मातीचे कौतुक, दुसऱ्याला कपड्याचा राग. चित्राचे काय, हे दोघेही विचारत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. पाचपुते खाणीचे चित्र काढतात हे वर्णन अपुरे आहे; खाण ज्या रीतीने काम करते, ती रीतच त्यांनी चित्राची रीत केली आहे. काढून नेणे, पोकळी ठेवणे, अंधारात एकच दिवा ठेवणे, पुसून पुन्हा रेखणे, जागा बळकावणे आणि ती रिकामी करून देणे या क्रिया चौकटीतल्या तैलरंगात मावत नाहीत. म्हणून त्यांना मांडणीशिल्प आणि ॲनिमेशन लागते. हे माध्यम फॅशनमुळे आलेले नाही आणि जन्मामुळेही नाही. ते विषयाच्या अंतर्गत गरजेतून आले आहे, आणि ते तसे आले आहे हे टप्प्याटप्प्याने दाखवता येते.

एकच कोळसा, दोन कला

आधी जन्मदाखल्याचा युक्तिवाद निकालात काढू. त्यासाठी बेल्लमपल्लीचा दाखला पुरेसा आहे.

काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्गावरचे हे गाव. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हा मार्ग पुरा होत आला आणि सिंगरेणी या कोळसा कंपनीच्या खाणीही त्याच सुमारास इथे उतरल्या. २०१६ पर्यंत बेल्लमपल्ली आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता ते मंचेरियाल जिल्ह्यात आहे. सास्ती ज्या राजुरा तालुक्यात येते, तो तालुकाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला. म्हणजे पाचपुते यांच्या आजोबांच्या पिढीतले सास्ती आणि बेल्लमपल्ली एकाच जिल्ह्याच्या महसुली दप्तरात होते. जमिनीखाली तर आजही फारसा फरक नाही. वर्धा खोऱ्याचे आणि प्राणहिता–गोदावरी खोऱ्याचे कोळसाक्षेत्र एकाच गोंडवन पट्ट्याचे सलग भाग आहेत. वर मात्र दोन राज्ये, दोन भाषा, दोन कंपन्या: इकडे नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (वेकोलि), तिकडे तेलंगणाची ५१ टक्के आणि केंद्राची ४९ टक्के मालकी असलेली सिंगरेणी.

आता प्रश्न असा. कोळसाच कलावंत घडवत असेल, तर त्याच थरावर बसलेल्या बेल्लमपल्लीने तशीच कला द्यायला हवी होती. तसे झाले नाही. सिंगरेणीच्या पट्ट्यातली कलेची ऊर्जा मुख्यतः गाण्यात गेली. जन नाट्य मंडळी हे क्रांतिकारी कलापथक, त्याचे गायक गद्दर, कामगार वसाहतींतल्या सभा, घोंगडी खांद्यावर टाकून म्हटली जाणारी पदे. गद्यात अल्लम राजय्या यांच्यासारख्यांनी खाणकामगार तेलुगू कथेत आणला. गाण्याला कोरस लागतो. ध्रुपद आले की ऐकणारा गाणारा होतो. ते 'आम्ही' घडवणारे रूप आहे, आणि ऐंशीच्या दशकातल्या संपांना नेमके तेच हवे होते. पाचपुते यांच्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाकडून कोणी कोरस मागत नाही. तो तिथे एकटा असतो, काहीसा अडचणीत सापडलेला.

तेव्हा माती विषय देते, घाट देत नाही. घाट कुठून आला हे पाहायचे तर पाचपुते यांच्या शिक्षणाकडे पाहावे लागते, आणि गंमत अशी की ओळखीच्या त्या ठराविक वाक्यात नेमके तेच गाळलेले असते. छत्तीसगडच्या खैरागढ इथल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातून २००९ साली त्यांनी पदवी घेतली ती शिल्पकलेची, चित्रकलेची नव्हे. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून २०११ साली पदव्युत्तर पदवी. दुसऱ्याच वर्षी मुंबईत क्लार्क हाउस इनिशिएटिव्हमध्ये पहिले एकल प्रदर्शन, 'कॅनरी इन अ कोल माइन'. शिल्पकार दगडातून नको ते काढून टाकतो. खाणीत हवे ते काढून नेतात, आणि नको ते गावाला उरते. शिल्पशाळेत शिकलेल्या हाताला ही उलट क्रिया ओळखू येणे आणि नुसते खाणीशेजारी वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१. जे नाही त्याचे चित्र

खाण म्हणजे काय? कोळसा म्हणजे खाण नव्हे. कोळसा तर निघून गेलेला असतो, चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रात किंवा आणखी कुठे तरी जळून गेलेला असतो. कोळसा गेल्यावर उरते ती खाण.

भूमिगत खाणीची जुनी पद्धत पाहा. थरात आडवे-उभे बोगदे पाडायचे आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे, छत पेलायला. सगळा भाग असा विणून झाला की शेवटी उलट फिरायचे: आतल्या टोकापासून एकेक खांबही काढत मागे यायचे आणि मागचे छत पडू द्यायचे. याला डिपिलरिंग म्हणतात आणि पडलेल्या भागाला गोफ. कुठे कुठे छत पडू नये म्हणून नदीची वाळू पाण्याबरोबर पाइपातून आत सोडून पोकळी भरतात. म्हणजे वर वर्धेचे किंवा गोदावरीचे पात्र पोखरायचे आणि खाली कोळशाची जागा भरायची. सगळा व्यवहार पोकळ्यांच्या अदलाबदलीचा आहे.

खुल्या खाणीत ही वजाबाकी उघड्यावर होते. वरची काळी कसदार माती, मग मुरूम, मग वाळूचा दगड, असे सगळे उचलून बाजूला टाकतात. तिकडे याला 'ओबी' (ओव्हरबर्डन) म्हणतात, आणि सपाट मुलखात दिसणारे ते भले मोठे डोंगर म्हणजे ओबीचे ढिगारे. जिथे शेत होते तिथे खड्डा, जिथे गावठाणाची वाट होती तिथे डोंगर. भूगोल उलटा करून ठेवलेला.

आता चौकटीतल्या निसर्गचित्राला हे कसे जमणार? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेपासून आपल्याकडे रुजलेल्या निसर्गचित्राच्या परंपरेत एक करार आहे: क्षितिज असते, त्याच्या खाली जमीन असते आणि पाहणारा जमिनीवर उभा असतो. खुल्या खाणीच्या काठावर हा करार मोडतो. नजर समोर जात नाही, खाली जाते. भूमिगत खाणीत तर क्षितिजच नाही. चित्रकाराने खाण रंगवली तर तो बहुधा खाणीतला माणूस रंगवतो, किंवा यंत्र, किंवा काळवंडलेला चेहरा. ज्या गोष्टीमुळे ती खाण आहे, ती पोकळी, चित्रातून निसटते. कारण कॅनव्हास हा भरायचा पृष्ठभाग आहे.

खोलीला पोकळी असते, म्हणून मांडणीशिल्प. भिंतीवर कोळशाच्या काळ्या आकृती, जमिनीवर कापलेले आकार, मधे मोकळी जागा आणि त्या मोकळ्या जागेत पाहणारा स्वतः. चौकटीसमोरचा प्रेक्षक जमिनीवर सुखरूप उभा असतो; इथे तो वजा झालेल्या भागात उभा असतो. २०१३ साली कोलकात्याच्या एक्सपेरिमेंटर गॅलरीत झालेल्या त्यांच्या प्रदर्शनाचे नाव 'लँड ईटर्स' होते, जमीन खाणारे. लोक खाणीबद्दल कुरकुरताना जे क्रियापद वापरतात, तेच त्यांनी उचलले. खाणाऱ्याचे तोंड रंगवण्यापेक्षा प्रेक्षकाला खाल्लेल्या जागेत आणून उभे करणे जास्त अचूक आहे.

२. दिव्याने गिळलेला चेहरा

पाचपुते यांच्या रेखाटनांत डोक्याच्या जागी दिवा असलेली माणसे येतात. कुठे डोक्याच्या जागी घर, कुठे अवजार, कुठे अर्धा देह पशूचा. समीक्षकांनी लगेच अतिवास्तववादाचे लेबल चिकटवले. ते सोयीचे आहे, पण ते चुकीचे आहे असे मला वाटते.

भूमिगत खाणीत उतरण्याआधी लॅम्प रूममधून दिवा घ्यायचा असतो. क्रमांक असतो, टोकन असते. पाळी संपल्यावर दिवा परत आला तर माणूस वर आला असे धरतात. खाली अंधार इतका दाट की समोरून येणारा कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही. कळते ते एवढेच, की एक दिवा येतो आहे. त्याने तुमच्याकडे पाहिले की तुमचे डोळे दिपतात आणि त्याचा चेहरा आणखीच नाहीसा होतो. म्हणजे डोक्याच्या जागी दिवा ही कल्पनेची भरारी नाही. खाली एका कामगाराला दुसरा जसा दिसतो, तसाच तो काढलेला आहे. काटेकोर वास्तववाद म्हणायचा तर हाच. फक्त हे वास्तव वरच्या उजेडातल्या नियमांचे नाही.

मराठी चित्रकलेत दिव्याचे एक फार गाजलेले चित्र आहे. सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप', १९४५–४६ सालचे जलरंग, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले. तिथे स्त्रीच्या हातातला दिवा तिचा चेहरा उजळतो. त्या चित्राचे सारे कौशल्य त्या चेहऱ्यावर पसरलेल्या उजेडात आहे. दिवा माणसाला दाखवतो, हा तिथला विश्वास. पाचपुते यांच्याकडे दिवा माणसाला झाकतो. मधल्या सुमारे सत्तर वर्षांत दिवा घरातून कंपनीच्या कोठारात गेला, त्यावर क्रमांक पडला आणि तो हजेरीचे साधन झाला. दोन चित्रांतले हे अंतर शैलीचे म्हणून सोडून देता येणार नाही. ते मालकीचे अंतर आहे.

पहिल्या प्रदर्शनाच्या नावातला कॅनरी पक्षीही इथेच बसतो. विषारी वायू माणसाआधी पक्ष्याला लागतो, म्हणून खाणीत पिंजरा न्यायची जुनी चाल. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणायचा निर्णय १९८६ सालचा. एका देहाने दुसऱ्या देहासाठी मोजमापाचे यंत्र व्हायचे, ही कल्पना कामगारापासून फार दूर नाही.

३. पुसल्यावर उरणारा डाग

एक गैरसमज इथेच दूर करावा. चारकोल म्हणजे खाणीतला कोळसा नव्हे. चित्रकाराचा चारकोल लाकडाचा, बंद भांड्यात जाळलेल्या फांद्यांचा. खाणीतला दगडी कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षे दबलेल्या वनस्पतींचा. 'गावच्या कोळशाने गावचे चित्र' हे वाक्य छापायला छान आहे, पण चारकोल निवडण्याचे कारण त्याहून तांत्रिक आहे: चारकोल पुरता पुसता येत नाही. पुसला की करडा डाग राहतो, आणि त्यावर पुन्हा रेघ ओढता येते.

स्टॉप-मोशन ॲनिमेशन याच गुणावर चालते. रेखाटायचे, छायाचित्र घ्यायचे, थोडे बदलायचे, पुन्हा छायाचित्र. आकृती पुढे सरकते आणि जुन्या जागी तिची छाया राहते. हा काळ नाटकातला किंवा सिनेमातला काळ नाही. त्यात प्रसंग नसतात, फक्त हळूहळू होणारा बदल असतो आणि मागे राहिलेला डाग असतो.

जमीन संपादनाचा काळही असाच चालतो. १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र अधिनियम, १९७३ चे राष्ट्रीयीकरण, १९७५ साली वेकोलिची स्थापना. कागदावर हे टप्पे स्वच्छ दिसतात. गावात ते असे येत नाहीत. आधी मोजणीची माणसे येतात. मग अधिसूचना निघते, पण पेरणी चालूच राहते, कारण ताबा कधी घेणार हे कोणी सांगत नाही. दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब असतो, आणि भावाभावांत तो दोन एकरांचा हिशेब जुळवताना घरे फुटतात. शेत एका दिवसात जात नाही. ते थोडे थोडे पुसले जाते आणि बराच काळ डागासारखे दिसत राहते. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश'मध्ये शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या हाती जाताना दाखवली, तेव्हा त्या कथेला खलपुरुष होता, दस्तऐवज होता, एक निर्णायक प्रसंग होता. कोळशाच्या मुलखात सावकार नाही. संपादन करणारी कंपनी सरकारी आहे, नोकरी देणारीही तीच. जमीन घेणाऱ्याचाच पगार घरात येतो. या गुंत्याला प्रसंगप्रधान कथा पुरत नाही, आणि सरळ निषेधाचे पोस्टर तर अजिबात पुरत नाही. पाचपुते यांच्या ॲनिमेशनमध्ये माणूस यंत्र होतो, यंत्र पशू होतो आणि कोण कोणाला खातो हे ठरत नाही. त्यांच्यावर 'भूमिका घेत नाही' असा ठपका येऊ शकतो. माझ्या मते हीच त्यांची भूमिका आहे, आणि ती ज्याच्या घरात पगार आणि विस्थापन एकाच पाकिटातून आले, त्यालाच सुचण्यासारखी आहे. एवढ्यापुरता जन्मदाखला मलाही मान्य.

४. चुना मारायची भिंत

भिंतीवर केलेले रेखाटन प्रदर्शन संपले की जाते. वर चुना मारतात. ही सोय नाही, हा त्या कामाचा भाग आहे, आणि इथे भारतातल्याच पूर्वसूरींचा उल्लेख करावा लागतो, कारण 'उसने माध्यम' म्हणणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसतो. १९९१ साली आखाती युद्धाच्या वेळी विवान सुंदरम यांनी इंजिन ऑइल आणि चारकोल वापरून कागदावरची कामे केली. तेल हाच विषय आणि तेच साधन. १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत नलिनी मालानी यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स'मध्ये भिंतींवर थेट रेखाटन केले, जे शेवटी पुसले गेले. विकता न येणारी, जागेशी बांधलेली, ठरलेल्या दिवशी मरणारी कला म्हणून भिंत आपल्याकडे पाचपुते यांच्या दोन दशके आधी आली होती.

त्यांनी तिला नवा अर्थ दिला तो असा, की त्यांच्या विषयातही जागा ठरलेल्या दिवशी रिकामी करून द्यायची असते. पुनर्वसनाच्या गावात माणूस नवे घर बांधतो. जुन्या घराची भिंत तिथेच पाडली जाते. गॅलरीतले रेखाटन खुणेसाठी जपून ठेवले असते, तर तो त्या अनुभवाविषयीचा एक सुबक खोटेपणा झाला असता.

केन्ट्रिजचा धागा

चारकोल, पुसणे, ॲनिमेशन आणि खाण हे सगळे एकत्र आले की दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केन्ट्रिज यांचे नाव निघतेच, आणि निघायलाही हवे. त्यांचा १९९१ चा 'माइन' हा लघुपट जोहान्सबर्गच्या खाणमालकाच्या पलंगाभोवती फिरतो. न्याहारीच्या ट्रेवरचा कॉफीचा दट्ट्या खाली दाबला जातो आणि पलंग, घर, जमीन भेदून खाणीच्या विहिरीत उतरतो. विलक्षण कल्पना आहे. पण दिशा पाहा: नजर वरून खाली जाते. केन्ट्रिज यांची नैतिक अस्वस्थता पलंगावर बसलेल्या वर्गाची आहे, आणि ते ती लपवत नाहीत. पाचपुते यांच्याकडे पलंगच नाही. त्यांची आकृती खालून वर येते, आणि वर आल्यावर तिला शेत सापडत नाही. तंत्राचे ऋण असेल, दृष्टीचे नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप परकेपणाचा. त्याला मी दोन उत्तरे देईन, दुसरे जास्त महत्त्वाचे. एक, भिंतीवर प्रकाशाने चित्र हलवून दाखवणे मराठी माणसाला नवे नाही. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे हलते खेळ सुरू केले आणि गावोगाव नेले, सिनेमा रुजण्याआधी. पण परंपरेचा असा शोध घेऊन परवाना मिळवायची मला फारशी हौस नाही. दुसरे उत्तर असे, की खाण तरी कुठे देशी आहे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी १८७१ साली येल्लंदूजवळ कोळसा शोधला. १८८६ साली निजामाच्या खाणहक्कांवर उभी राहिलेली हैदराबाद (डेक्कन) कंपनी लंडनची होती. तिच्या भागभांडवलातल्या गैरव्यवहाराची चौकशी १८८८ साली ब्रिटिश संसदेच्या समितीला करावी लागली. सिंगरेणीचा जन्म असा लंडनच्या शेअर बाजारात झाला. यंत्रे परदेशी, पद्धती परदेशी, जमीन तेवढी इथली. अशा उद्योगाचे चित्र काढणाऱ्याकडून मात्र शुद्ध देशी माध्यमाची अपेक्षा करायची, हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. हे काम सास्तीत किंवा बेल्लमपल्लीत कोण पाहतो? व्हेनिसला जाणाऱ्या प्रेक्षकाने खाणीची पोकळी अनुभवायची आणि पोकळीशेजारी राहणाऱ्याने कधीच नाही, हा विरोधाभास आहे आणि तो शब्दांनी मिटत नाही. गद्दर यांचे गाणे खाणीच्या फाटकावर पोचले. तसे या भिंतींचे झाले नाही. काही जण म्हणतील, खाणकामगाराला खाण दाखवायची गरजच काय. हे उत्तर उद्दाम आहे आणि खोटेही. ज्याने खाण रोज पाहिली, त्याने ती रूपात बांधलेली कधीच पाहिलेली नसते. शिवाय या कलेचे सगळे जग ज्या पैशावर चालते, त्यात ऊर्जा कंपन्यांचा हात असतोच. लंडनच्या टेट संग्रहालयाला बीपी या तेल कंपनीचे प्रायोजकत्व १९९० पासून २०१७ पर्यंत होते. पाचपुते यांच्या बचावात एवढेच म्हणता येईल, की पुसली जाणारी भिंत विकता येत नाही, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा मोठा भाग अशा भिंतींवर होता.

तिसरा आक्षेप याला लागूनच आहे, आणि तो मी स्वतःच घेतो. गेल्या काही वर्षांत भिंतीच्या जोडीला त्यांच्याकडे रंग आणि कॅनव्हास वाढला आहे. यंत्र-पशू आणि भंगलेले भूभाग आता कॅनव्हासवर येतात, शेतकरी येतो, मोर्चाची हालचाल येते. तपशील वाढला, रंगाची श्रीमंती आली. पण माझ्या आधीच्या सगळ्या युक्तिवादाप्रमाणे पाहिले तर काही हरवलेही आहे. प्रेक्षक पुन्हा चौकटीसमोर, सुखरूप जमिनीवर. काम उचलून नेता येते, संग्रहात ठेवता येते, विमा उतरवता येतो. वजाबाकीच्या चित्राची बेरीज सुरू झाली आहे.

या आक्षेपाला एक वाट त्यांच्याच कामातून निघते. कार्डिफच्या 'आर्टेस मुंडी' या पुरस्कारासाठी निवडलेल्या सहा कलावंतांत ते होते. २०२१ साली तो सहाही जणांना मिळून दिला गेला. त्या निमित्ताने त्यांनी दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांच्या बॅनरांचा अभ्यास केला. वेल्स हा कोळशाने घडवलेला आणि कोळशानेच रिकामा केलेला मुलूख. १९६६ साली ॲबरफॅन इथे खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून शाळेवर आला आणि १४४ जण गेले, त्यांतली ११६ मुले. ब्लेनावनची 'बिग पिट' खाण १९८० साली बंद पडली आणि १९८३ पासून संग्रहालय म्हणून उघडली. वेल्सच्या कामगार संघटनांनी मोर्चात न्यायचे रंगवलेले कापडी बॅनर जपून ठेवले. बॅनर ही कॅनव्हासपेक्षा वेगळी वस्तू आहे. तो उचलून नेण्यासाठीच असतो, पण दिवाणखान्यासाठी नसतो. तो एका माणसाच्या नावावर नसतो. आणि त्याच्या मागे चालणाऱ्यांशिवाय तो अर्धा असतो. गाण्याच्या कोरसाची गरज आणि चित्राची नजर त्यात एकत्र येतात. म्हणजे बेल्लमपल्लीच्या गाण्याने जे केले आणि सास्तीच्या भिंतीने जे केले, त्यांच्यातला दुवा बॅनरमध्ये आहे.

पाचपुते यांच्या कॅनव्हासने बॅनरचे रूप घेतले, बॅनरची मालकी मात्र त्याला मिळालेली नाही. ती मिळवून देणे एकट्या कलावंताच्या हातात नाही. वेकोलि आणि सिंगरेणी या दोन्ही सार्वजनिक कंपन्या आहेत, दोन्हींकडे मान्यताप्राप्त कामगार संघटना आहेत, आणि खाणी बंद होत जातील तसतशा दोन्हींकडे रिकाम्या इमारती वाढत जाणार. यांपैकी कोणी एक कॅनव्हास विकत घेऊन राजुऱ्याच्या किंवा बेल्लमपल्लीच्या कामगार सभागृहात टांगला, तर दुसरा आक्षेप अर्धा सुटेल. उरलेला अर्धा तेव्हाच सुटेल, जेव्हा ते चित्र त्या सभागृहातून एखाद्या मोर्चात बाहेर काढायची परवानगी असेल, मग तो मोर्चा त्याच कंपनीविरुद्ध का असेना.